काम मागितलं, तरी मिळत का नाही? आधी तारखेची पोच बघा

तुमचा प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या तुमच्या गावात चाळीसेक जणांनी ग्रामपंचायतीत जाऊन रोजगार हमीचं काम मागितलं. 'सध्या काम शिल्लक नाही' असं उत्तर मिळालं. टीव्हीवर मात्र बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगतात. मागेल त्याला काम देण्याचा कायदा असताना काम का मिळत नाही? आणि तुमच्यासारख्या बी.ए., बी.कॉम. झालेल्यांसाठी अशी हमी का नाही?

यात खरं तर तीन प्रश्न आहेत: मागणी नोंदली का जात नाही, खर्च कोण करतं आणि बेरोजगार म्हणजे कोण. पहिल्यावर मी जास्त लिहितो, कारण ते तुमच्या हातात आहे आणि बाकीच्या दोन्हींची मुळंही तिथेच आहेत.

एक आधीच सांगतो. तुमच्या गावचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: सगळ्यांची जॉबकार्डं चालू आहेत का, पंचायतीच्या आराखड्यात मंजूर कामं किती आहेत, तहसीलदार कसे आहेत. शिवाय डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे नाव, नमुने आणि पोर्टल बदलणार. मी खाली जुन्या कायद्यातली भाषा वापरतो, कारण कार्यालयातले सगळे अजून तीच बोलतात.

'आम्ही काम मागितलं' म्हणजे नेमकं काय केलंत? सरपंचांशी बोललात, रोजगार सेवकाला नावं सांगितलीत, की लेखी अर्ज दिलात? तोंडी मागणीचा पुरावा उरत नाही. मागणी म्हणजे नमुना 4 चा अर्ज. त्यात प्रत्येकाचं नाव, जॉबकार्ड क्रमांक, कोणत्या तारखेपासून काम हवं आणि किती दिवस हवं हे लागतं. सलग किमान 14 दिवसांसाठी मागा. चाळीस जणांचा एकत्र अर्ज चालतो आणि तोच बरा, कारण एकेकट्याला परत पाठवणं सोपं असतं. अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. ही तारखेची पोच म्हणजेच तुमची हमी. कायद्यातले 15 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. तुम्ही काम पुढच्या तारखेपासून मागितलं असेल तर त्या तारखेपासून.

पोच द्यायला टाळाटाळ का होते, हे हिशोब मांडला की लगेच कळतं. मनरेगाच्या कायद्यात 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, त्यापुढे किमान निम्मा. महाराष्ट्रात 2025-26 चा मजुरी दर 312 रुपये. पाव हिस्सा 78 रुपये. चाळीस जणांचे दिवसाला 3,120 रुपये, आणि 30 दिवस काम दिलं नाही तर 93,600. मजुरीचा पैसा केंद्राचा होता, पण भत्ता पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतून द्यायचा होता. म्हणजे काम दिलं तर खर्च दिल्लीचा, आणि लेखी मागणी घेऊनही काम दिलं नाही तर भुर्दंड राज्याचा. त्यातून सोपी वाट उरते ती मागणी लेखी न घेण्याची. ग्रामसेवक वाईट असतो म्हणून हे होत नाही. त्याच्यावरच्या प्रत्येक पायरीला हेच सोयीचं असतं.

यातून दुसरी, मोठी गोष्ट घडते. ऑनलाइन नोंदीत मागणी बहुतेक वेळा काम तयार झाल्यावरच चढवली जाते. आधी काम मंजूर होतं, मग त्यावर जाणाऱ्यांची नावं मागणी म्हणून भरली जातात आणि मग ई-मस्टर, म्हणजे ऑनलाइन हजेरीपट, निघतं. कागदावर मग मागणी आणि पुरवठा जवळपास सारखेच दिसतात. ज्यांना परत पाठवलं त्यांचा आकडा कुठेच नसतो. विधिमंडळात कुणी विचारलं तर उत्तर येतं, 'मागणी केलेल्या बहुतांश मजुरांना काम पुरवण्यात आले.' आकड्यांनुसार ते खरंही असतं. बेरोजगारीचं राजकारण भाषणांपेक्षा इथे जास्त चालतं, ज्या वहीत नाव चढायला हवं होतं आणि चढलं नाही, त्या वहीत.

पंचायतीत पोच मिळत नसेल तर तिथेच वाद घालत बसू नका. अर्ज कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही देता येतो. महाराष्ट्रात हे काम तहसीलदाराकडे असतं. तिथल्या आवक-जावक टेबलावर शिक्का मिळतो. तोही नाही मिळाला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. जॉबकार्ड नसेल तर आधी नोंदणीचा अर्ज द्या. त्यालाही 15 दिवसांची मुदत आहे आणि त्याचीही पोच घ्यायची. कार्ड आहे पण नाव वगळलंय, आधार जोडलेलं नाही, बँक खातं बंद पडलंय, हे सगळं अर्ज देण्याआधी तपासा. 1 जानेवारी 2024 पासून मजुरीचं पेमेंट आधारवर आधारित झालं. कार्डावर 'संगीता' आणि आधारवर 'संगिता' एवढ्या फरकानेही पैसे अडकतात.

आता 'काम शिल्लक नाही' या उत्तराकडे. हे कधी कधी खरं असतं, पण ते काही आभाळातून पडत नाही. मस्टर निघायला त्या कामाला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता दोन्ही लागतात. अशी मान्यता मिळालेली, सुरू व्हायच्या तयारीतली कामं म्हणजे 'शेल्फ'. शेल्फ रिकामं असेल तर तहसीलदाराने मनात आणलं तरी उद्या काम निघत नाही. आणि शेल्फ भरतं ते ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या ग्रामसभांमध्ये, पुढच्या वर्षाचा आराखडा तिथे ठरतो तेव्हा. मजूर तेव्हा सोयाबीनच्या काढणीत असतात किंवा ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघायच्या तयारीत. सभेला असतात ते विहीर, गोठा आणि पाणंद रस्ता मागणारे. मग आराखड्यात वैयक्तिक लाभाची कामं भरतात आणि ज्यावर चाळीस माणसं महिनाभर खपतील असं चराचं, गाळाचं, बांधबंदिस्तीचं काम एकही नसतं. वैयक्तिक लाभाला माझा विरोध नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला विहीर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण भूमिहीनाला त्या विहिरीवर काम मिळालंच पाहिजे, आणि अनेक ठिकाणी ती पोकलेनने खणली जाते आणि मस्टर नावापुरतं भरलं जातं.

म्हणून काम मागणाऱ्यांनी ग्रामसभेत निदान दोन मोठी सार्वजनिक कामं लिहून घ्यावीत. ठरावात गट नंबर आणि अंदाजे लांबी टाकायला लावावी. 'जलसंधारणाची कामे घेणे' असा मोघम ठराव मान्यतेच्या टेबलावर काही कामाचा नसतो.

काम सुरू झालं की दुसरी लढाई मोजमापाची. रोहयोत, म्हणजे रोजगार हमी योजनेत, मजुरी हजेरीवर मिळते असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मातीकामात ती मोजमापावर मिळते: टोळीने किती घनमीटर खणलं, त्याचा दर किती, आणि आलेली रक्कम भागिले हजेऱ्या. पाणी अडवायला उतारावर खणतात त्या समतल चराचं उदाहरण घ्या. चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. दहा जणांची टोळी, सहा दिवस, म्हणजे 60 हजेऱ्या. समजा टोळीने पूर्ण दराचं काम केलं, 312 गुणिले 60, एकूण 18,720 रुपयांचं. आता मोजणीआधी एक पाऊस आला आणि चरात पाच सेंटिमीटर गाळ बसला. टेप 25 सेंटिमीटर दाखवते. सहावा हिस्सा काम गायब. रक्कम 15,600, आणि माणशी रोज 260. आता दुसरी तऱ्हा बघा. खोली बरोबर मोजली, पण मस्टरवर दोन नावं अशी आहेत जी कामावर आलीच नाहीत. हजेऱ्या 72 झाल्या. 18,720 भागिले 72, पुन्हा 260. खोट्या नावाने सरकार फसतं असं लोकांना वाटतं. खरं तर तो पैसा शेजारी घाम गाळणाऱ्याच्या मजुरीतून जातो.

तिसरी जागा म्हणजे जमिनीचा प्रकार. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक, सगळ्यांचे दर वेगळे. कठीण मुरुमात खणलेलं काम पुस्तकात मऊ माती म्हणून लिहिलं की मजुरी घसरते, आणि चर बुजल्यावर ते सिद्ध करणं अवघड असतं. शिवाय माती किती लांब वाहिली आणि किती उंच टाकली याचा वेगळा दर असतो, तो लिहायचा राहून जातो. म्हणून मोजणी आठवड्याच्या आठवड्याला व्हावी, टोळीतली एक बाई किंवा बुवा टेपचं दुसरं टोक धरून उभा असावा, आणि मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलं ते तिथल्या तिथे वाचून घ्यावं. 2023 पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा कामावरचा फोटो सक्तीचा झाला. दुसरा फोटो राहिला की तो दिवस बुडतो. म्हणून फोटो काढल्याची वेळ टोळीनेही आपल्या वहीत टिपून ठेवावी.

मजुरी मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत खात्यावर यायला हवी. उशिराला दिवसाला 0.05 टक्के भरपाई आहे. रक्कम क्षुल्लक वाटते, पण ती मागा, कारण ती मागितली की उशीर नोंदला जातो. तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तिचा निकाल सात दिवसांत लागायला हवा.

थोडक्यात तुमच्या गावापुरतं: आधी कार्डं आणि खाती, मग चाळीस जणांचा एकत्र अर्ज, पोच, सोळाव्या दिवशी भत्त्याची लेखी मागणी, आणि त्याच वेळी शेल्फवर कोणती कामं आहेत याची यादी मागणं. भत्ता बहुधा लगेच मिळणार नाही. पण भत्त्याचा अर्ज टेबलावर गेला की शेल्फवरचं एखादं काम निघण्याची शक्यता खूप वाढते, आणि तुम्हाला भत्त्यापेक्षा काम हवंय.

आता दुसरा प्रश्न: खर्च कोणाचा. इथे महाराष्ट्राचा इतिहास माहीत असायला हवा, कारण ही कल्पना इथलीच आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात पहिला प्रयोग झाला. 1972 मध्ये योजना आली आणि पाठोपाठ तो भयंकर दुष्काळ. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडणाऱ्या बायका-पुरुषांनी मोर्चे काढले, संप केले. त्या दबावाखेरीज पुढचा कायदा झाला नसता. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

एकमत कसं झालं? सगळ्यांच्या मनात एकाच वेळी दया उपजली म्हणून नाही. शहरातल्या करदात्याला दुष्काळात मुंबई-पुण्याकडे येणारे लोंढे थांबायला हवे होते. बागायतदाराला रस्ता, पाझर तलाव, बांध हवे होते आणि हंगामात मजूर गावातच हवा होता. डाव्या आणि समाजवादी पक्षांना मजुराच्या हातात हक्क हवा होता. प्रत्येकाला काहीतरी मिळालं, आणि बिल कोणी भरायचं हेही कायद्यात आणि करांत ठरलं. 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच आला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन, बागायती जमीन यांवरचे अधिभार, आणि जमा होईल तेवढीच भर राज्य सरकारची. आजही मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात, वर्षाचे 2,500. आपण हे पैसे कशासाठी देतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ते मूळचे तुमच्या गावातल्या कामासाठी आहेत.

या रचनेचं मोल मला फार वाटतं. हमी आणि पैसा एकत्र बांधलेले होते. वित्त विभागाला 'यंदा तरतूद नाही' असं सहज म्हणता येत नव्हतं.

मग ती सैल का पडली? 1988 मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोहयोची मजुरी त्याला बांधलेली होती. मजुरी वाढवणं योग्यच होतं. संजित रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं होतं की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी. पण एकेका दिवसाचा खर्च वाढला तसा निधी वाढवला गेला नाही. हमी कागदावर राहिली, प्रत्यक्षात कामं उशिरा निघायला लागली, लांब निघायला लागली, आणि हजेरी झपाट्याने घसरली. त्याच सुमाराला जवाहर विहिरी आणि 1990 पासून फळबाग योजना रोहयोला जोडल्या गेल्या. सोलापूरचं डाळिंब, कोकणातला आंबा-काजू यांना त्याचा मोठा हातभार लागला, पण योजनेचा झुकाव मजुराकडून जमीनमालकाकडे गेला. ज्या योजनेचा फायदा संघटित माणसाला होतो ती टिकते आणि तिचा आकार हळूहळू त्याच्यासारखा होतो. हे रोहयोपुरतं नाही, बेरोजगारीवरच्या जवळपास प्रत्येक योजनेचं असंच होतं.

2005 च्या केंद्रीय कायद्याने अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. 100 दिवसांपुढचा खर्च महाराष्ट्र स्वतः करत राहिला. नव्या कायद्यात हमी 125 दिवसांची आहे, पण खर्च बहुतेक राज्यांसाठी केंद्र 60 आणि राज्य 40 असा आहे. प्रत्येक राज्याची वार्षिक रक्कम केंद्र आधी ठरवणार, वरचा खर्च राज्याचा. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. 25 दिवस वाढले हे मथळ्यात दिसतं. माझ्या दृष्टीने खरी बाब दुसरी आहे: आजवर मागणी नोंदली की पैसा मागे यायचा, आता पैसा आधी ठरेल आणि मागणी त्यात बसवावी लागेल. राज्याचे 40 टक्के रोज जाणार असतील तर मागणी न नोंदण्याचं कारण आणखी बळकट होतं. म्हणून तारखेची पोच पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरेल. महाराष्ट्राकडे मात्र एक गोष्ट आहे जी बाकीच्या राज्यांकडे नाही: रोजगार हमीसाठीच आणलेला व्यवसाय कर आणि रोजगार हमी निधीचा स्वतःचा कायदा. त्या निधीतून राज्याचा हिस्सा आणि हंगामबंदीतली कामं द्या, अशी मागणी आमदारांकडे करता येते आणि तिला आधार आहे.

तीन टक्क्यांचं काय? जुलै 2023 ते जून 2024 च्या श्रमबल पाहणीत 15 वर्षांवरच्यांचा बेरोजगारी दर 3.2 टक्के होता. हा आकडा खोटा नाही, पण तो काय मोजतो ते बघा. त्या मोजपट्टीत वर्षात 30 दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही धरली जाते. साप्ताहिक पट्टीवर आठवड्यात एक तास काम पुरतं. गरिबाला पूर्ण बेकार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते करतो आणि बेरोजगारांच्या यादीतून निघून जातो. बेरोजगार म्हणून नोंदला जातो तो मुख्यतः शिकलेला तरुण, ज्याच्या घरात अजून दोन वेळचं जेवण आहे आणि जो नोकरीची वाट बघू शकतो. म्हणून तुमच्या गावात चाळीस माणसं रिकामी दिसतात आणि टीव्हीवर तीन टक्के दिसतात. दोन्ही एकाच वेळी खरं.

राहिला शिकलेल्यांचा प्रश्न, आणि इथे माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. रोहयोची हमी चालते कारण काम कष्टाचं आणि मजुरी बेताची असते. ज्याला खरंच गरज आहे तोच कुदळ धरतो, त्यामुळे पात्रता तपासणारं कार्यालय लागत नाही. पदवीधराला टेबलावरच्या कामाची हमी दिली तर मागणारे अगणित होतील, मग निवड करावी लागेल, आणि निवड आली की वशिला आला. 1959 चा सेवायोजन कार्यालयांचा कायदा मालकाला रिक्त जागा कळवायला लावत होता, भरायला लावत नव्हता. 2024 मधली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीला 10,000 रुपये महिना विद्यावेतन देते, पण ती प्रशिक्षणाची योजना आहे. मुदत संपली की आस्थापनेवर कामावर घ्यायचं बंधन नाही. त्यात जाणार असाल तर रुजू पत्र, कामाचं स्वरूप आणि शेवटचं प्रमाणपत्र हे तिन्ही कागद घेऊनच बाहेर पडा.

शिकलेल्यांसाठी हमीपेक्षा मंजूर पदं भरण्याचं वेळापत्रक मागणं मला जास्त खरं वाटतं. कोणत्या खात्यात किती पदं मंजूर, किती रिक्त, जाहिरात कधी, परीक्षा कधी, नियुक्ती कधी, आणि तारीख चुकली तर कोण जबाबदार. इथेही तारीखच महत्त्वाची. 'लवकरच मेगाभरती' म्हणजे पोच न दिलेला अर्ज.

तुम्ही पदवीधर आहात, म्हणून एक विनंती. चाळीस जणांचा नमुना 4 तुम्ही स्वतः भरा. नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा, कार्ड क्रमांक दोनदा तपासा, कामाची तारीख कोरी सोडू नका. दोन प्रती, दुसऱ्या प्रतीचा फोटो शिक्क्यासह सगळ्यांच्या फोनवर. आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसापासून सोळाव्या तारखेला खूण करा. त्या दिवशी सकाळी भत्त्याचा अर्ज घेऊन तहसीलमध्ये जायचं आहे.